तिसऱ्या अंकातलं गाणं कोणाचं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय संगीत नाटकांची गाणी लिहिणे आणि त्यात भागत नसे तेव्हा सिनेमाच्या पटकथा लिहिणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट मीच सकाळी सातला माझ्या भाचीला फोन करून उठवले आणि "कागद घेऊन ये, मला मृत्युपत्र करायचं आहे," असे इतक्या आनंदाने सांगितले, की ती बिचारी घाबरून ओल्या केसांनीच धावत आली.

भाची वकील आहे. समोर बसून ती प्रत्येक पान वाचते आणि सुस्कारे टाकते. "आत्या, कायद्याच्या कागदात उद्गारचिन्हं नसतात गं," असे तिने आत्तापर्यंत तीनदा सांगितले आणि तीनही चिन्हे खोडली. तेव्हा वाचणाऱ्याने आपल्या मनाने ती जागोजागी घालून घ्यावीत. आज मला गप्प बसवत नाही.

कारण सांगते. मंगळवारी थिएटरच्या कचेरीतून फोन आला. माझे पहिले नाटक, ती पोस्टमनच्या बायकोची गोष्ट, बत्तीस वर्षांनी पुन्हा उभे राहते आहे. त्याच थिएटरात, त्याच लाकडी रंगमंचावर, येत्या तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "भित्तिपत्रक शुक्रवारी पाच वाजता छापायला जातं. नावं एकदा बघून घ्या." आज तोच शुक्रवार आहे. सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "घाबरू नका, रोजचंच काम आहे आमचं." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. प्रयोगाला मी खुर्चीत असेन असे त्यांनी कबूल केले आहे. तरी हातचे राखून असावे म्हणून हा कागद.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एका पटकथेत केले होते, पण त्यातला मेलेला माणूस मध्यंतरानंतर परत आला, तेव्हा ते धरू नये.

कलम २. या कागदाला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मला सही करताना पाहायचे आणि खाली आपली सही करायची. भाचीने एक नियम मोठ्याने दोनदा वाचून दाखवला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याच्यापुरती ती देणगी रद्द होते. नियम मला आवडला. नाटकात असा नियम असता तर समीक्षक उपाशी मेले असते. पहिले साक्षीदार तळमजल्यावरचे इस्त्रीवाले. त्यांना मी काही ठेवत नाही, कारण माझी निळी साडी त्यांनी आधीच जाळून ठेवली आहे. दुसऱ्या साक्षीदाराला भाचीने परस्पर बोलावले आहे. तीन वाजता येतील म्हणते.

कलम ३. हे दोन खोल्यांचे घर माझ्या लेकीचे. ती दातांची डॉक्टर आहे आणि तिच्या मते या घरात हवा खेळत नाही, नळ गळतो आणि आई ऐकत नाही. पहिल्या दोन गोष्टी तिने दुरुस्त कराव्यात. मात्र स्वयंपाकघरातले दिव्यांचे बटण काढू नये. तिचे वडील, म्हणजे आमचे हे, थिएटरात दिवे सांभाळत. तिथले मोडीत निघालेले मंद-तेज करायचे बटण त्यांनी घरी आणून बसवले. तेव्हापासून आमच्याकडे साधे दूध तापवायचे असले तरी आधी दिवा हळूहळू उजळायचा. ते जाऊन नऊ वर्षे झाली, बटण अजून चालते. टेबलाच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा आहेत, ती मळ नाही, ती गाण्यांची मोजमापे आहेत. रंग द्यायचाच असेल तर बाकीच्या तीन भिंतींना द्यावा.

कलम ४. बँकेत जे असेल ते लेकीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम ५. हत्यारे. टाइपरायटर, ज्याची अर्ध्या अक्षराची एक कळ कायम अडकते, तो आमच्या जुन्या प्रॉम्प्टरला. विंगेत उभे राहून त्यांनी एकवीस वर्षे माझी वाक्ये कुजबुजली. आता स्वतःची चार वाक्ये खटाखट मोठ्याने काढावीत. यमकांची वही, जी मी शाळेत असताना सुरू केली आणि कोणाला हात लावू दिला नाही, ती आत्ता नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शिकेला. तिचे वय अठ्ठावीस. परवा तालमीला गेले, तर ती मला म्हणाली, "ताई, शेवटी नुसता पडदा पडतो. शेवटाला गाणं का नाहीये? मला तिथे फार मोकळं मोकळं वाटतं." बत्तीस वर्षांत हे एकालाही दिसले नव्हते. मी घरी येताना जिन्यातच थांबले आणि कठड्यावर हात ठेवून हसत सुटले. त्याचे पुढे सांगते.

बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर आणि त्यातली एक कॅसेट याबद्दल कलम ७ पाहावे.

कलम ६. जुनी येणी. पैशाची नव्हेत, मनातली.

माझ्या एकमेव पडद्यावर आलेल्या पटकथेचा शेवट ज्या निर्मात्याने बदलला आणि विधवेचे लग्न घोड्यासकट लावून दिले, त्याला मी क्षमा करते. चित्रपट तीन दिवस चालला. सुंठीवाचून खोकला गेला.

ज्या समीक्षकाने माझ्या दुसऱ्या नाटकाबद्दल "शब्द कानाला गोड, डोक्याला हलके" असे लिहिले, त्याला कापसाचा एक पुडा द्यावा. कुठे घालायचा ते त्याचे त्याने ठरवावे.

पहिल्या नाटकाचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही मागून 'कात्री' म्हणत असू, त्यांनी माझी एकूण चौदा गाणी कापली. ती सगळी एका फाइलीत आहेत. ती फाइल त्यांना द्यावी आणि सांगावे की तुम्ही बरोबर होता, बारा वेळा.

भाची म्हणते, "आत्या, हे मृत्युपत्र आहे की भांडण?" बाळे, माणूस जाताना दोन्ही आवरून जातो.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. हे कलम लिहायला मी चौथ्यांदा पेन उचलते आहे, तरी मजा म्हणजे मन उड्या मारते आहे.

माझी सगळी गाणी एकाच माणसाच्या चालींवर आहेत. ते पेटी वाजवत आणि चाली बांधत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही. आमच्या कामाची रीत अशी, की चाल आधी, शब्द मागाहून. मास्तर घरी पेटीवर चाल बसवायचे आणि ती लक्षात राहावी म्हणून तोंडाला येतील ते शब्द त्यात भरून कॅसेटवर गायचे. आमच्या धंद्यात या भरतीच्या शब्दांना डमी म्हणतात. भाजीची यादी, गल्लीतल्या पाट्या, शेजाऱ्याला दिलेल्या शिव्या, काहीही. मी कॅसेट घरी आणायची, अक्षरे मोजायची, डमी फेकून खरे शब्द बसवायचे. शब्द एखाद्या अक्षराने लांबले आणि मी म्हटले, "मास्तर, इथे जरा चाल सैल करा ना," की ठरलेले उत्तर यायचे: "शब्द वाकतात. चाल वाकत नाही." या वाक्यावरून आम्ही एकवीस वर्षे भांडलो आणि अकरा नाटके केली.

पहिल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायिका एकटी असते आणि गाते. चाल ऐकली आणि माझ्या तोंडचे पाणीच पळाले, इतकी ती सरळ आणि उघडी होती. मी आठवड्याची मुदत मागितली, मग आणखी चार दिवस, मग प्रयोगाची सकाळ. तोवर आमची नायिका, जिला सगळे मैना म्हणत, ती डमीवरच सराव करत होती. प्रयोगाच्या दुपारी मी विंगेत कोरा कागद घेऊन उभी होते. दुसरा अंक संपला. मैना घामाघूम होऊन माझ्याकडे आली. "ताई, शब्द?"

मी म्हणाले, "जे तोंडात बसलंय ते गा."

ती गेली आणि तिने गायले:

दार उघडं, दिवा चालू,
चहा निवला कपात,
एकच जोड चपलांचा
दोन जणांच्या घरात.

गाणे संपले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आमच्या ह्यांनी वर बसून दिवा मंद करायचा होता, ते विसरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मला डोक्यावर घेतले. इतके साधे शब्द, म्हणे, फार मोठ्या तपश्चर्येनंतर सुचतात. मी मास्तरांकडे धावले. ते म्हणाले, "राहू दे गं. पुढच्या प्रयोगाला तू तुझे घाल." मी माझे लिहिले. एकोणीस वेळा लिहिले. कात्री, मैना, प्रेक्षक, कोणालाच ते नको होते. मग त्या गाण्याला बक्षीस मिळाले आणि मी मंचावर जाऊन ते घेतले. त्या दिवसापासून माझा हात दगडाखाली आहे.

लोकांना माझे म्हणून जे एकच गाणे पाठ आहे, ते माझे नाही. त्यातला एक शब्द माझा नाही.

आमचे हे शेवटपर्यंत सांगत होते, "सांगून टाक, हलकी होशील." मी सांगितले नाही. उलट अकरा वर्षांपूर्वी रेडिओवर मुलाखतीत मला विचारले, हे शब्द कसे सुचले? मास्तर शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी 'माझे नाहीत' म्हणायचे सोडून गोष्ट रचली: नवरा दौऱ्यावर होता, मी दार उघडे ठेवून वाट पाहत बसले होते, वगैरे. पटकथा लिहिणाऱ्याला असल्या गोष्टी जिभेवर असतात. आमचे हे घरी ऐकत होते, मी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मी दौऱ्यावर कधी गेलो होतो?"

पण त्याआधी, स्टुडिओच्या बाहेर, मास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तो चहा माझा होता."

तेव्हा मला कळले. ती चाल बांधली त्याच आठवड्यात त्यांची बायको घर सोडून गेली होती. तेव्हा कोणाला त्यांनी सांगितले नव्हते; पुढे सगळ्यांना कळले, पण मी त्या दोन गोष्टी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. त्यांनी चालीत यादीच भरली होती, पण समोर जे होते त्याची. दार, दिवा, कप, चपला. आणि मी त्या चहावर माझे नाव घालून रेडिओवर सांगत होते. मास्तर पेटी उचलून गेले. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. दोनदा मी त्यांच्या घराचा जिना चढले आणि पहिल्या मजल्यावरून उतरून आले. माफी मागायला शब्द लागतात, आणि त्या बाबतीत माझी ख्याती वेगळी आहे.

म्हणून मी जाहीर करते की वरील गाण्याचे शब्द मास्तरांचे आहेत. माझ्या पश्चात ते त्यांच्या नावावर व्हावेत, पुढच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर तसे छापावे, बक्षिसाची ढाल त्यांना द्यावी. ती मूळ कॅसेटही त्यांची, टेपरेकॉर्डरसकट. पुरावा म्हणून मी जपली आहे, स्वतःविरुद्ध.

आणि त्यांच्यासाठी एक निळा लिफाफा आहे. परवा जिन्यात हसत सुटले ते याचसाठी. दिग्दर्शिकेला शेवटाला गाणे हवे आहे. ते त्याच चालीवर असले पाहिजे. आणि या वेळी गाणारी घरातली नव्हे, परत आलेली असली पाहिजे. बत्तीस वर्षे मी त्या खोलीत बसून शब्द शोधत होते आणि ते बाहेर जिन्यात उभे होते. काल दुपारी दोन तासांत लिहून काढले. मास्तरांना पटले तर ते शेवटी गावे. हे शब्द माझे आहेत, सगळेच्या सगळे.

हे सगळे मी जिवंतपणी का करत नाही, असे भाची भुवया उंचावून विचारते. कारण मला लाज वाटते. मेल्यावर लाजायला मी कुठे असणार?

कलम ८. हे पान वाचून भाचीचा चेहरा उतरला आहे. "आत्या, घोटाळा झाला. दुसरे साक्षीदार म्हणून मी मास्तरांनाच बोलावलंय. तुझं ऑपरेशन आहे म्हटल्यावर मला वाटलं, निदान या निमित्तानं तरी भेटाल. तू त्यांना काही ठेवतेयस हे मला काय माहीत?"

"मग त्यांना सांग, येऊ नका."

"तीन वाजून दहा मिनिटं झालीत."

बेल वाजते आहे. भाचीने दार उघडू नये असे मला वाटते आहे, आणि पटकन उघडावे असेही.

कलम ९. भाचीने उभ्या उभ्या सांगितले, मी लिहून घेतले: वरील कलमांतून जे काही उरेल, किंवा कोणत्याही कारणाने एखादे कलम रद्द झाल्यास त्यातले जे परत येईल, ते सर्व माझ्या लेकीचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. हे मी समजून उमजून लिहिले आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, टेबलाची भिंतीकडची बाजू.
दिनांक: शुक्रवार, प्रयोगाच्या सोळा दिवस आधी.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) इस्त्रीवाले, तळमजला
साक्षीदार दुसरे: (सही) मास्तर

सह्यांच्या खालचा मजकूर. भाची म्हणते, सह्या झाल्यावर लिहिलेले कायदा धरत नाही. न धरो, घडले ते असे.

मास्तर शहात्तरचे झाले आहेत, गुडघा धरतात. आत आल्यावर त्यांनी आधी भिंतीवरचे बटण फिरवून पाहिले. दिवा हळूहळू उजळला. "चालतंय अजून," ते म्हणाले. अकरा वर्षांनंतरचे पहिले वाक्य. मग चष्मा लावून त्यांनी सगळे कलमवार वाचले, सातवे दोनदा. कापसाच्या पुड्याला हसले. मी सही केली. इस्त्रीवाल्यांनी केली. मास्तरांनी हात पुढे केला. "पेन."

भाची मध्ये पडली. "काका, थांबा. तुम्ही सही केलीत तर सातवं कलम तुमच्यापुरतं संपलं. गाणं, ढाल, लिफाफा, काही मिळणार नाही तुम्हाला. मी खालच्या मजल्यावरून दुसरं कुणी आणते."

"वाचलंय मी कलम दोन," म्हणत त्यांनी सही केली, चांगली वळणदार, आणि पेनाला टोपण लावले.

माझे डोळे भरून आले. "मास्तर, एवढा राग? माझ्या हातचं काहीच नको?"

"अगं, तू मेल्यावर मला देणार?" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. रांगेत तुझ्या पुढे उभा आहे. तू जाईपर्यंत मी थांबायचं कुठे? आणि सोमवारी तुझं काही होणार नाहीये, मी डॉक्टरला विचारून आलोय. कागदावरनं काय देतेस? जिवंत आहेस ना? मग आत्ता दे. तोंडानं दे."

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मी थिएटरच्या कचेरीत फोन लावला. मास्तरांच्या समोर, भाचीच्या समोर, इस्त्रीवाल्यांच्या समोर मी म्हणाले, "भित्तिपत्रकावर एक ओळ वाढवा. तिसऱ्या अंकातलं गाणं: शब्द आणि चाल, मास्तर." कचेरीतल्या बाई गडबडल्या. "ताई, ते तर तुमचं गाणं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला चुकीचं माहीत आहे. मीच सांगितलं होतं."

एवढेच होते. बत्तीस वर्षे ज्याला घाबरले ते एका दमात म्हणून झाले आणि माझी जुनी झडपसुद्धा काही बोलली नाही. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मी त्यांच्यासाठी चहा टाकला आणि गरम असतानाच प्या असे बजावले.

मग मी लिफाफाही हातात दिला. त्यांनी कागद उलगडला आणि पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या:

जिन्यातच थांबले होते मी,
दिवा चालू होता वर.

ते थांबले. टेबलावर बोटांनी चाल धरून त्यांनी अक्षरे मोजली, पुन्हा मोजली. मला ते बोट चांगले ओळखीचे आहे.

"पहिल्या ओळीत एक अक्षर जास्त आहे," मास्तर म्हणाले.

"कुठलं काढू, सांगा."

त्यांनी ओळ ओठांतल्या ओठांत आणखी एकदा म्हणून पाहिली. कप उचलला, एक घोट घेतला.

"काही काढू नकोस," ते म्हणाले. "चाल बदलतो."